मुखवट्याच्या पाठीतला स्क्रू

बजाजनगरात त्रिंबक कोकरे कुठं राहतात असं विचारलं तर लोक लगेच पत्ता सांगत नाहीत. आधी विचारतात, "काय मोडलं?"

त्रिंबक एका कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं फिटर होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. फिटरने आयुष्यभर वस्तू जोडाव्यात अशी साधारण अपेक्षा असते. त्रिंबकच्या वाट्याला मात्र उपटायचं काम आलं. दुसऱ्यांनी जोडताना जे मोडलं ते काढायचं: तुटलेले बोल्ट, भोकात पेच पाडताना आतच अडकलेले टॅप, डोकं उडालेले स्क्रू. तेही असं काढायचं की आजूबाजूच्या धातूला ओरखडा येता कामा नये. या कामात नाव होत नाही. ते नीट झालं की इथं काही घडलंच नव्हतं असं दिसतं, आणि तसं दिसलं तरच ते नीट झालं म्हणायचं. छत्तीस वर्षांत कंपनीने त्याला एकच प्रशस्तिपत्रक दिलं, ते रक्तदानाबद्दल.

हे काम त्याला रौफ मिस्त्रींनी शिकवलं. रौफ मिस्त्री दख्खनी बोलत आणि फारच थोडं बोलत. नवीन पोरगा मोडलेल्या बोल्टवर हातोडी घेऊन धावला की ते त्याचं मनगट धरत. "हल्लू, बाबा, हल्लू. उसकू मालूम नै होना, तू उसे निकालरा बोलके." त्रिंबकला पहिलं वर्षभर हे वेडेपणाचं वाटलं. दुसऱ्या वर्षी त्याने एका महागड्या साच्यात टॅप मोडला, तो काढायला रौफ मिस्त्रींना अडीच दिवस लागले, आणि त्या अडीच दिवसांत ते त्याला एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर त्रिंबकला हल्लू या शब्दाचा अर्थ नीट कळला. कंपनी सोडताना मिस्त्रींनी त्याला उलट्या पेचाची ड्रिलं दिली, पावडरच्या डब्यात घालून. साधं ड्रिल उजवीकडे फिरून कापतं, हे डावीकडे. मोडलेल्या स्क्रूला डावीकडे फिरून भोक पाडायला लागलं की कधी कधी तो ड्रिलच्या मागोमाग स्वतःच निघून येतो.

निवृत्तीनंतर गल्लीने त्याचा ताबा घेतला. नळ, चष्मे, शिलाई मशीन, एकदा तर दातांच्या डॉक्टरची खुर्ची. बायको अंबिका म्हणायची, "आपल्या दाराच्या कडीचा स्क्रू दोन वर्षं ढिल्ला हाय. मोडल्याबिगर तुमी त्याच्याकडं बघायचे नाय, दिसतंय." ते खरंच होतं.

एका शुक्रवारी सकाळी हनुमान शिंगाडे आला. पडेगावचा, अडतीस वर्षांचा, वाळूजला एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर ऑपरेटर. रात्रपाळी करून तसाच आला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, आणि डोळे झोप न झाल्याच्याही पलीकडचे लाल.

"काका, नाजूक काम हाय."

"नळ हाय का मोटर?"

"देव हाय."

त्रिंबकने चष्मा लावला.

हनुमानने फोनवर फोटो दाखवले. पितळेचा मुखवटा, मोठ्या नारळाएवढा, मिशा पिळदार, डोळे टपोरे. मग मुखवट्याची पाठ. पाठीला ओतीव पितळेचं एक बोंड, बोंडात भोक, आणि भोकाच्या आत काळपट काहीतरी चमकत होतं. त्रिंबकने फोटोतल्या देवाकडे दोन सेकंद पाहिलं आणि भोकाकडे दोन मिनिटं.

हकीगत अशी होती. बिरोबाचा हा मुखवटा शिंगाड्यांच्या घरात पाच पिढ्यांपासून आहे. वर्षभर तो देवळीत असतो आणि जत्रेच्या रविवारी पालखीत बसून माळावरच्या ठाण्याला जातो. पालखीत एक लाकडी फळी आहे. फळीच्या मागून एक स्क्रू येतो आणि देवाच्या पाठीतल्या बोंडात बसतो. ही सोय हनुमानच्या आजोबांनी करून घेतली. त्याआधी देवाला सुतळीने बांधत असत. आजोबांचा पितळी स्क्रू आता झिजला होता, आणि गेल्या वर्षी पालखी ओढ्यात उतरताना देवाने मान हलवली. डावीकडून उजवीकडे, सावकाश, तीनदा. नेमकं त्याच वेळी भावकीतल्या सखारामने मुलीच्या सोयरिकीबद्दल मनात प्रश्न धरला होता. सोयरीक मोडली. मुलगा सरकारी नोकरीत होता, निर्व्यसनी होता, पण देवापुढे कोण बोलणार. वर्षभर भावकीत त्या मानेची चर्चा चालली. स्क्रू ढिला होता हे फक्त हनुमानला माहीत होतं, आणि आता ते सांगण्याची वेळ निघून गेली होती.

म्हणून या वर्षी त्याने स्टीलचा नवा स्क्रू आणला आणि मित्राकडून बॅटरीवर चालणारी स्क्रूची बंदूक मागून घेतली. कंपनीत हनुमान एका पाळीला साडेआठशे स्क्रू बसवतो. एक ढिला नसतो, एक मोडत नाही, कारण तिथली बंदूक शहाणी आहे. ठरलेला जोर आला की ती 'टक्' करते आणि आपली आपण थांबते. बारा वर्षं हनुमानने थांबायचं काम बंदुकीवर सोपवलं होतं. मागून आणलेल्या बंदुकीला ही पद्धत माहीत नव्हती. हनुमान सवयीने 'टक्' ची वाट बघत राहिला. 'टक्' झालं. ते स्क्रू आत मोडल्याचं होतं.

"मग इथं आणा की. बाकावर लावून बघतो," त्रिंबक म्हणाला.

"तेच तर हाय, काका. जत्रेबिगर देव उंबरा वलांडत नाय."

"आणि समजा काढताना चीर गेली? कपाळाला भोक पडलं?"

हनुमानने फोन खिशात घातला. "मग देव खंडित. खंडित देव पुजत नायत, पाण्यात सोडायचा. पाच पिढ्यांचा देव. पालखी परवा हाय." मग तो म्हणाला, "मायनं तीन दिस झाले माझ्याशी बोलणं टाकलंय. चार शिव्या दिल्या असत्या ना काका, तर जेवण तरी गेलं असतं."

या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. स्क्रू ज्याने मोडला त्याला लोक विसरतात, शेवटचा हात ज्याचा लागला तो लक्षात राहतो. उद्या देवाच्या कपाळाला भोक पडलं तर पडेगावात बंदुकीचं नाव निघणार नव्हतं. बजाजनगरच्या कोकऱ्यांचं निघणार होतं. त्यात त्रिंबक स्वतः मेंढरांच्या घरातला. सोळाव्या वर्षी आयटीआयला आला तेव्हा मेंढरं सुटली. पुढे जत्रेला रजा मिळेना, तसा हळूहळू देवही सुटला. भांडण कुणाचंच झालं नाही. पण खंडित म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आतून अंबिका म्हणाली, "देवाच्या कामाला नाय म्हणू नका. पर व्हय म्हणायच्या आधी बघून या."

तो बघायला गेला.

शिंगाड्यांचं घर पडेगावच्या शेवटच्या गल्लीत, दोन खोल्या आणि मागे वाडगं. मेंढरं आता चारच, तीही बहुतेक सवय म्हणून. हनुमानची आई दगडाबाई दारातच उभी होती. सत्तरीच्या पुढची, ताठ, काटक. तिने त्रिंबकची पिशवी पाहिली, मग त्रिंबकला पाहिलं.

"कुठल्या कोकऱ्यांतले तुमी?"

त्रिंबकने गाव सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं. तिने दोन्ही मनात कुठेतरी ताडून बघितलं आणि दारातून बाजूला झाली.

त्रिंबकने हातपाय धुतले, नमस्कार केला आणि पिशवी उघडली. पहिली हातोडी निघाली.

"ती कशाला?"

"मावशी, स्क्रूच्या मधोमध एक खूण मारावी लागती. टिचकीएवढी."

"देवाच्या टकुऱ्यात?"

"मागनं."

"मागनं मारलं म्हंजे मारलं नाय व्हय?"

हातोडी पिशवीत गेली. मग गंज सोडवायच्या तेलाची बाटली निघाली. दगडाबाईने टोपण उघडून वास घेतला. "गासलेट."

"गासलेट नाय, त्याच्यासारखंच एक..."

"आमचा देव गोडं तेल घेतो."

बाटली पिशवीत गेली. "मग जरा पालथा तरी ठिवू का? भोक पाठीला हाय, म्हणून." मागे उभा असलेला हनुमान दोन्ही हातांनी नाही नाही अशी खूण करत होता, पण उशीर झाला होता.

"पालथा?" दगडाबाई म्हणाली. "आवो, मेल्या माणसाला बी कुणी पालथं घालत नाय."

त्रिंबकला आयुष्यात पुष्कळ लोकांनी पुष्कळ अटी घातल्या होत्या. पण जर्मनीहून आलेल्या साच्यांनीसुद्धा पालथं पडायला कधी हरकत घेतली नव्हती. इथं हातोडी नाही, तेल नाही, बाक नाही, पक्कड लावायला जागा नाही.

"मग मी काम करताना धरायचा कुणी, मावशी? जरा जरी हलला तरी..."

"मी धरते की. मांडीवर." तिने हे अशा सुरात सांगितलं की एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसाला कशी सुचली नाही.

त्या दिवशी त्याने फक्त मापं घेतली. कपाळापासून बोंडाच्या तोंडापर्यंत अठरा मिलिमीटर. स्क्रू तोंडापासून चार मिलिमीटर आत मोडलेला. आजोबांचा जुना पितळी स्क्रू हनुमानने जपून ठेवला होता. त्याच्या झिजेवरून तो चौदा मिलिमीटर आत जात असावा असं दिसत होतं. म्हणजे भोक चौदा खोल, आणि त्यापुढे चार मिलिमीटर देव. त्रिंबकने हे आकडे काडेपेटीवर लिहून घेतले.

परतताना तो वाळूजला ओळखीच्या गोकुळच्या लेथवर गेला आणि त्याच्याकडून पोलादाची एक छोटी नळी कातून घेतली. बाहेरून देवाच्या भोकात घट्ट बसेल अशी, आतून बारीक ड्रिल जेमतेम जाईल एवढी. नळी भोकात बसवली की ड्रिल आपोआप स्क्रूच्या मधोमध टेकणार. हातोडीने खूण मारायचं काम उरत नाही.

"कसल्या मशीनला पायजे?" गोकुळने विचारलं.

"जुनी हाय. पाच पिढ्यांची."

"कंपनी कुठली?"

"घरगुती," त्रिंबक म्हणाला.

शनिवारी सकाळी दहाला दगडाबाई घडी केलेल्या घोंगडीवर भिंतीला टेकून बसली. देव मांडीवर, देवाचं तोंड तिच्याकडे, पाठ त्रिंबककडे. दवाखान्यात सुई टोचताना आई लेकराला जसं छातीशी धरते तसं तिने त्याला धरलं होतं. हनुमान बॅटरी घेऊन बाजूला. त्रिंबकने हाताने फिरवायचं दात्यांच्या चाकाचं ड्रिल काढलं, त्यात रौफ मिस्त्रींचं उलट्या पेचाचं बारीक पातं बसवलं, आणि पात्यावर तेराव्या मिलिमीटरला पितळेचं एक कडं आवळलं. त्यापुढे पातं जाणारच नाही.

नळी भोकात बसवली, आणि हँडल डावीकडे फिरू लागलं.

"उलटं का फिरवायलात, काका?" हनुमानने विचारलं.

"सुलटं फिरवलं की ते आवळतं. तुझी बंदूक सुलटीच फिरत हुती."

"त्याला नका सांगू," दगडाबाई देवाच्या मिशीकडे बघत म्हणाली. "त्याचं समदं सुलटंच असतं."

लेकाबद्दल चार दिवसांत तिने काढलेला हा पहिला शब्द. हनुमानने बॅटरी जरा सरळ धरली.

काम हळूहळू पुढे चाललं. स्टीलचे केसासारखे बारीक काप निघत होते. दर वीस फेऱ्यांनी त्रिंबक पातं बाहेर काढी, काप पुसी, परत घाली. त्याला आशा होती की मध्येच कुठेतरी पातं स्क्रूला धरेल आणि दोघं मिळून फिरत बाहेर येतील. आठवा मिलिमीटर झाला, नववा झाला. स्क्रू हलला नाही. दहावा झाला. अकराव्याला, जिथं अजून तीन मिलिमीटर स्टील असायला हवं होतं, तिथं हँडल अचानक हलकं झालं.

फिटरला हे हलकेपण ओळखीचं असतं. त्याचा अर्थ एकच, पातं आरपार गेलं. त्रिंबकचा हात जागच्या जागी थांबला. त्याच्या मनात सरळ हिशोब झाला. जुनं ओतकाम आहे. ओतकामात हवेची पोकळी राहते. भोकाचा तळ आपण समजलो तिथं नाहीच, पातं पोकळीत शिरलंय, आणि पोकळीपलीकडे देवाचं कपाळ चपातीएवढं पातळ आहे. किंवा नाहीच.

"मावशी," तो म्हणाला, "कपाळ बघा जरा."

"काय बघू?"

"काय दिसतं का. टिपका, फुगवटा, कायी."

दगडाबाईने वाकून पाहिलं. मग अंगठा ओला करून कपाळावरून फिरवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. खोलीत फक्त वाडग्यातल्या एका मेंढीचं खोकणं ऐकू येत होतं.

"घाम आलाय," ती म्हणाली.

त्रिंबकने चष्म्यावरून वर पाहिलं. "देवाला?"

"तुमाला. देव बरा हाय."

त्याने पातं हळूच फिरवत बाहेर काढलं. पात्याच्या पेचात स्टील नव्हतं, पितळ नव्हतं. पिवळं पीठ होतं. त्याने ते बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं.

"हळद," तो म्हणाला.

"भंडारा," दगडाबाईने दुरुस्ती केली. "हळद भाजीत घालत्यात."

आता सगळं उलगडायला लागलं. दर रविवारी ती देवाला न्हाऊ घालायची. तोंडावरून पाण्याची धार सोडायची, तेल लावायचं, भंडारा वाहायचा.

"आणि पाठ?" त्रिंबकने विचारलं.

"पाठ कोण बघतंय?"

"भोक कधी पुसलं?"

"देवाचा भंडारा पुसत नायत, बाबा. त्यो देवाचाच असतो."

साठ वर्षांच्या रविवारांची हळद, तेल आणि पाणी त्या भोकाच्या तळाशी थरावर थर बसलं होतं आणि वाळून सिमेंट झालं होतं. जुना पितळी स्क्रू वर्षागणिक थोडाथोडा कमी आत जात होता. म्हणून तो ढिला, म्हणून देवाची मान हलली. हनुमानचा स्क्रू अकराव्या मिलिमीटरला भंडाऱ्यावर जाऊन टेकला होता, आणि बंदूक तो भंडाऱ्यातून पुढे रेटत राहिली. पेचांच्या फटींतही तेच ठासून भरलं होतं. गंज नव्हताच. त्रिंबकची गंज सोडवायची बाटली दगडाबाईने आत घेऊ दिली असती तरी काही उपयोग झाला नसता, हे त्याने मनातल्या मनात कबूल केलं. मोठ्याने कबूल करायची गरज त्याला वाटली नाही.

"मावशी, आज देवाला न्हाऊ घालता येईल का? उद्या आयतवार हाय, एक दिस आधी."

"जत्रेच्या आदल्या दिशी घालतातच."

"कडकडीत पाण्यानं?"

"हात पोळंल एवढ्या नाय. देव हाय त्यो, कोंबडी नाय."

हात पोळणार नाही आणि हळद विरघळेल अशा पाण्यावर तडजोड झाली. परातीत देव उताणा ठेवला. उताण्याला हरकत नव्हती, न्हाताना तो तसाच असतो. पाणी कानापर्यंत आलं. आता स्क्रूला मधून आरपार बारीक भोक होतं, त्यामुळे पाण्याला पलीकडे जायला वाट मिळाली. शिवाय तापलं की पितळ स्टीलपेक्षा जरा जास्त फुगतं आणि पकड सैल सोडतं. त्रिंबकने हे हनुमानला समजावून सांगितलं. दगडाबाई पाणी बदलत होती. पहिल्या परातीचं पाणी आमटीसारखं पिवळं झालं, दुसऱ्याचं तसंच, तिसऱ्याचं जरा फिकट.

तोपर्यंत जेवण झालं. भाकरी, पिठलं, ठेचा.

"तुमचा देव कुठंय?" दगडाबाईने विचारलं.

"गावाकडं. चुलतभावाच्या घरी."

"जाता का जत्रेला?"

"रजा मिळत नव्हती."

"आता?"

"आता रिटायर हाय."

"मग?"

त्रिंबकने भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठलं चांगलं झाल्याचं सांगितलं.

जेवणानंतर हनुमान आतून एक डबी घेऊन आला. "काका, आमच्या मेंटेनन्सवाल्याकडनं एझी-आउट आणून ठिवलंय. लावू का?"

हे एझी-आउट म्हणजे मोडलेल्या स्क्रूतल्या भोकात घालून उलटं पिळायचं एक कडक पोलादी हत्यार. त्रिंबकने ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि परत डबीत ठेवलं. "ज्यानं याचं नाव ठिवलं त्यानं हे कधी वापरलं नसंल. हे आत मोडलं ना, तर ड्रिल बी लागत नाय त्याला. मग तू आणि मी दोघंबी देवाबरोबर पाण्यात."

त्याने पिशवीतून जुन्या कानशीचं शेपूट, म्हणजे मुठीत बसणारं टोक, काढलं. घासून घासून चौकोनी, टोकाकडे निमुळतं केलेलं, आणि तापवून मऊ सोडलेलं. जोर जास्त झाला तर ते मोडायच्या आधी घसरतं. देव पुन्हा मांडीवर आला, अंग अजून कोमट. त्रिंबकने शेपूट स्क्रूच्या भोकात टेकवलं, तळव्याने दाबलं, आडवी मूठ लावली आणि डावीकडे हलकाच पीळ दिला.

काहीच झालं नाही.

त्याने शेपूट काढलं. बारीक तारेने भोकाच्या कडा खरवडल्या. पिळलेलं ऊन फडकं बोंडाभोवती गुंडाळलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं बसला. हनुमानने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. दुसऱ्यांदाही काही झालं नाही. फडकं पुन्हा गरम केलं. तिसऱ्या वेळी मुठीखाली काहीतरी जाणवलं, हललं म्हणावं तर हललं नव्हतं, पण आधीसारखं दगडही नव्हतं. त्याने लगेच पीळ सोडला आणि उलट, उजवीकडे, किंचित दाबलं. मग डावीकडे. मग परत उजवीकडे. पुढे रेटायचा मोह होत होता आणि तो मोह त्याला चाळीस वर्षांपासून ओळखीचा होता. भोकाच्या आत हळदीचा शेवटचा थर कुरकुरला.

"निघतंय?" हनुमान कुजबुजला.

"बोलू नको."

पाव फेरा. अर्धा. मग स्क्रूने हट्ट सोडला आणि तो नुसता बोटांनी फिरू लागला, जणू पहिल्यापासून त्याची तयारीच होती आणि कुणी नीट विचारलं नव्हतं इतकंच. शेवटचे दोन फेरे त्रिंबकने मुद्दाम सावकाश घेतले. सात मिलिमीटरचा तुकडा त्याच्या तळहातावर पडला. मधून भोक, पेचांत पिवळं.

दगडाबाईने देव उजेडाकडे फिरवला, कपाळ पाहिलं, गाल पाहिले, मिशांच्या खालून बोट फिरवलं. मग त्याच बोटाने पाठीतल्या भोकाची कड चाचपली. कडा शाबूत होत्या, आतले पेच सरळ होते. तिने त्रिंबकच्या कपाळाला भंडारा लावला, भरपूर, भुवयांत पडेल एवढा.

मग त्याने काडीला कापूस गुंडाळून भोक तळापर्यंत साफ केलं. तो भंडारा दगडाबाईने एका वाटीत घेतला, टाकू दिला नाही. आजोबांच्याच पितळी स्क्रूला सुताचे तीन वेढे दिले, फळीतून घातला आणि दोन बोटांनी जेवढा आवळतो तेवढाच आवळला. स्क्रू पूर्ण चौदा मिलिमीटर आत गेला. फळी हातात धरून गदागदा हलवली. देव फळीबरोबर हलला, वेगळा नाही.

"झालं," त्रिंबक म्हणाला. "पुढल्या वर्षी बी हातानंच."

दगडाबाई उठायला गेली आणि उठलीच नाही. इतका वेळ चार किलोचा देव मांडीवर घेऊन तिचे दोन्ही पाय बधिर झाले होते. ती भिंतीला धरून अर्धी उठली, परत बसली, आणि हसायला लागली. दात फारसे नव्हते, पण हसणं पूर्ण होतं.

"हन्या," ती म्हणाली, "उभा काय राहिलास खांबासारखा? देव धर. आन् मग मला उठीव."

हनुमानने पँटला हात पुसले, मग ते पुरेसं वाटलं नाही म्हणून धुऊन आला, आणि देव घेतला. देवळीत ठेवून परत आला तोवर त्याचं नाक वाहत होतं. त्याने बाहीने ते पुसलं आणि आईला काखेत हात घालून उभं केलं. "वजन वाढलंय तुजं, माय," तो म्हणाला. "तुजं कमी झालंय," ती म्हणाली. "तीन दिस जेवला नाय. बस, वाढते."

त्रिंबक अंगणात आला. हौदावर हात धुतले. नखांतली हळद निघेना, ती तशीच राहू दिली. पाठ दुखत होती, गुडघे दुखत होते, आणि सकाळपासून आवळलेले जबड्याचे स्नायू आता कुठं सैल पडत होते. कट्ट्यावर बसून त्याने अंबिकाला फोन लावला.

"निघाला."

"स्क्रू?"

"मग काय देव?"

"देव कसा हाय?"

"हाय तसा हाय. ओरखडा नाय."

पलीकडे अंबिकाने श्वास सोडल्याचं ऐकू आलं. तो तिने कधीपासून धरून ठेवला होता कोण जाणे. मग म्हणाली, "जेवलात का?"

"दोनदा जेवायला लावतील असं दिसतंय."

"जेवा. आन् उद्या पालखीला जायचं."

"कशाला? स्क्रू मागं असतो. तिथनं दिसत नाय."

"मला कुठं स्क्रू बघायचाय," अंबिका म्हणाली, आणि किती वाजता निघायचं ते विचारायला लागली.